पंधरा दिवसांची हवापालट

परतीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि एक तरुण बाई उभ्या होत्या.

"मावशी, लेकाकडे आला होतात? मग समुद्र मनसोक्त पाहिला असेल!"

"पाहिला ना. रोज संध्याकाळी नातवंडांच्या ओल्या चड्ड्यांतून पिळून काढत होते."

"आणि त्या वाळूच्या टेकड्या?"

"त्या मी केरसुणीनं रोज उंबऱ्याबाहेर रचल्या."

"सुरूचं बन तरी?"

"त्याची सुईसारखी पानं सुनेच्या शालीतून वेचली."

"अगंबाई! म्हणजे तुम्ही गेलातच नाही?"

"मी गेले असते, तर स्वयंपाक कोणी केला असता?"

"लेक काहीच म्हणाला नाही?"

"म्हणाला की. आत्ता इथं सोडताना म्हणाला, 'आई, पंधरा दिवस समुद्रावर राहिलीस, तरी तोंड एरंडेल प्यायल्यासारखंच!'"