जिनूनं काय काय सोडलं

हॅलो?... हॅलो, प्रणिता? उठवलं का गं तुला?... थांब, थांब, आधी मला गोठ्याकडं जाऊ दे. माडीवर जिनू बसलाय, त्याला ऐकू जाईल.

...हां, बोल आता. व्हय, तुझा भाऊच. काल सांजच्याला आला मच्छेहून. आज आयतवार, कंपनीला सुट्टी न्हवं.

...न्हाई गं, ताप-बीप काय न्हाई. तसलं काय असतं तर बरं झालं असतं. आधी एक सांग, आणि खरं सांग. घर सोडून जायाचं त्यो तुझ्याजवळ काय बोललाय का?

...हसू नको. मी काय बघिटलंय ते ऐक आधी.

पहाटं चारला उठला. आपला जिनू! शाळेला उठवायला तुझं आप्पा ज्याच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारायचं, त्यो... हां. उठला आणि गार पाण्यानं आंघोळ केली. बंब पेटवू का म्हटलं, तर नुसती मान हलवली. तोंड म्हणून उघडलं न्हाई. कागदावर लिहून दिलं, 'आई, सातपर्यंत बोलणार नाही.' मौन गं, मौन!

...भक्ती? मग बस्तीत तीर्थंकरांम्होरं तरी बसायचं न्हवं. माडीवर भिताडाकडं तोंड करून बसलाय. गादी गुंडाळून ठेवलीया, सतरंजीवर झोपला. चहा सोडलाय. गोड सोडलंय. मच्छेत रूमवर रात्री अकराला काय काय खात हुता, मला कळत न्हाई व्हय? आता म्हणं दिवस मावळायच्या आत जेवतो.

आणि कपडे! सात शर्टं, चांगली इस्त्रीची, तुझ्या लग्नातलं निळं धरून... पिशवी भरून आणली आणि काल आल्या आल्या मष्णूला देऊन टाकली. व्हय, आपल्या रानात कामाला येतो त्योच. म्हटलं, जिनू, तुला रं? तर म्हणतो, 'आई, माणसाला लागतं किती?' ...आता सांग. चोवीस वर्सांचं पोरगं असं बोलतं व्हय?

...तेच. तेच माझ्या मनात आलंय. मुनिदीक्षा घेतोय त्यो.

...अगं, वाईट कोण म्हणतंय? पाप लागंल. बोरगावच्या पाव्हण्यांच्या पोरानं घेतली तवा मीच पुढं हुते की. त्याच्या आईचा हात धरून म्हटलंतं, नशीबवान गं बाई तू. तिचा हात गार पडलाता. तवा मला काय कळलं न्हाई... आता कळतंय.

...आप्पांना? न्हाई सांगितलं. ते आनंदानं गावभर करतील. एकदा लोकांनी हार घातला की आईला नको म्हणता येतंय व्हय?

...काय?... कोर्स? कसला एकवीस दिवसांचा?... मोबाईलवर. बरं. कोण सर?... प्रेरणा देतोय. ...पहाटं उठा... गार पाण्यानं आंघोळ करा... बोलू नका... जास्तीचं देऊन टाका... अगं, मग हे आपल्या म्हाराजांनी कवाच सांगून ठेवलंय की! त्या सरानं नवं काय सांगितलं?

...यशस्वी व्हायला? कशात?... कामात. सतरंजीवर झोपलं की मशीन नीट चालती व्हय?

...प्रणिता, खरं बोल. असं सांग म्हणून त्यानंच शिकवलंय न्हवं तुला?... मग तुला एवढं कसं म्हाईत? माझ्याजवळ तर दोन म्हैने झालं, 'जेवलो' आणि 'ठेवतो', ह्याच्या म्होरं शब्द न्हाई त्याचा.

...न्हाई, मला न्हाई पटत. वही हाय माझ्याजवळ... त्याची. आंघोळीला गेला तवा सतरंजीखालनं काढली. ...व्हय, चोरली. आई हाय मी त्याची.

ऐक, वाचते. 'भीती सोड. आळस सोड. आरामाची जागा सोड. मागे वळून बघू नको.' ...बघ! सगळी सोडासोडच! ही दीक्षा न्हाई तर काय गं?

...पुढचं पान? थांब, चष्मा न्हाई... 'बारा तारीख. मुलाखत.' लाल पेनानं गोल केलाय. खाली मोठ्या अक्षरात... ज... र्म... नी.

जर्मनी?... जर्मनीत कुठलं म्हाराज असत्यात?



प्रणिता, तुला म्हाईत हाय न्हवं हे? सांग.

...तिथली कंपनी. व्हय... मशीनवर माणसं पाहिजेत त्यांना... आणि भिताडाकडं बघून मनात तिथली भाषा पाठ करतोय. अस्सं.

किती वर्सं?... तीन. आणि मग?... 'बघू' म्हंजे काय? तुझ्या आप्पांचं तीस वर्सं 'बघू' ऐकलंय मी. 'बघू' म्हंजे न्हाईच.

...म्हंजे तुम्हा दोघांना म्हाईत हुतं. शहापुरात तुझ्या घरात बसून ठरलं. जावयांना पण म्हाईत. आणि आई हितं वही चोरत बसलीया... भ्यालाता? मला सांगायला भ्यालाता त्यो? मी काय खाणार हुते त्याला?

...न्हाई, रडत न्हाई. डासांना धूर केलाय गोठ्यात.

...चांगलंच हाय की. पोरगं पुढं जातंय, मी नको कशाला म्हणू? पेढं वाटू. घालू दे लोकांना हार.

पर एक सांगू का?... न्हाई, ऐक ना. मुनी झाला असता तर घर सुटलं असतं, आई सुटली असती. ते खरं. पर विहार करत, गावोगाव चालत कवातरी ह्या बाजूला आला असता. मी कलश घिऊन दारात उभी राहिले असते. बाकीच्या बायकांसारखीच, आई म्हणून न्हाई. पर त्यानं ओंजळ पुढं केली असती, आणि माझ्या हातानं मी घास ठेवला असता. वाळलाय का, पोटाला लागतंय का, डोळ्यांनी बघिटलं असतं गं... धा वर्सांतनं एकदा का हुईना.

तिथं माझ्या दारावरनं कवा जाणार हाय त्यो?