नवमीला मशीन बंद होती

सांगतो, पण मधे थांबवू नका. माझी गोष्ट वर्ध्याजवळच्या आर्वीला सुरू होते अन् इथे लखनौच्या अलीगंजात येऊन थांबते, मधलं सगळं ऐकल्याशिवाय मी इतका चिडका काहून झालो ते तुम्हाला कळणार नाही. बाबा शिंपी. घरात एकच शिलाई मशीन, आम्ही पाच भावंडं तिच्या आवाजात झोपायचो अन् तिच्याच आवाजात उठायचो. वर्षातून एक दिवस ती गप्प असायची, खंडेनवमीला. बाबा तिला पुसायचे, तेल द्यायचे, हळद-कुंकू, झेंडूचा हार, कात्री अन् टेप तिच्यासमोर मांडायचे, अन् मग दिवसभर तिला पाय लावायचा नाही, कोणी लाटसाहेब आला तरी नाही. एका वर्षी तहसीलदाराचा माणूस कोट घेऊन आला, बाही उसवलेली, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला घालायचा होता, तर बाबा म्हणाले, वर्षभर ती आमच्यासाठी राबते, एक दिवस तिला सुट्टी नको का. तो माणूस पाय आपटत गेला. मी तेव्हा दारात उभा होतो, मला बाबांचा फार अभिमान वाटला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मामा रेल्वेत होते, लखनौला. मॅट्रिक झालो तसं त्यांनी बोलावून घेतलं, इथेच एक्स-रेचा डिप्लोमा केला, सरकारी दवाखान्यात लागलो, लग्न झालं, सुधा आली, तिलाही इथली उन्हाळ्याची लू अन् हिवाळ्याचं धुकं सवयीचं झालं. मुलाला मराठीत विचारलं की तो हिंदीत उत्तर देतो, हाँ पापा, समझ गया. समजलेलं काही नसतं, पण जाऊ द्या.

आमच्या डार्करूममधे रामसनेही भैया होता. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, फिल्म धुवायचं काम, औषधात बुडवून बुडवून बोटं पिवळी पडलेली. मी बाहेरून घाई करायचो, भैया, डॉक्टर खोळंबलेत, अन् आतून आवाज यायचा, हो जाएगा, वसंत बाबू, हो जाएगा. काय सांगू तुम्हाला, या दोन शब्दांनी मी किती जळलो आहे. आमचा अख्खा दवाखानाच या दोन शब्दांवर चालायचा. फरक एवढाच की रामसनेही असं म्हणायचा अन् पाच मिनिटांत फिल्म क्लिपला लटकवून बाहेर आणायचा, बाकीचे नुसतं म्हणायचे.

मग नव्वद साल उलटल्यावर आमच्याकडे सीटी स्कॅनची मशीन आली. आली म्हणजे काय, लाकडी खोक्यांत आली अन् व्हरांड्यात पडली. खोली तयार नव्हती. खोली झाली तर एसी नाही. एसी आला तर स्टॅबिलायझर नाही, अन् इथल्या लाईटचा काय भरवसा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. वर्षभर पेशंटचे नातेवाईक त्या खोक्यांवर बसून पुरी-सब्जी खायचे अन् डॉक्टर त्यांच्याच पेशंटला डोक्याचा स्कॅन करायला गेटबाहेरच्या प्रायव्हेट सेंटरवर पाठवायचे. मी अर्ज लिहायचो. एकोणीस अर्ज लिहिले मी, हिंदीत, सुधा म्हणायची तुमची हिंदी भांडणातच बरी येते.

शेवटी उद्घाटन झालं, फीत कापली, पेढे वाटले, अन् त्यानंतर खोलीला कुलूप. सुपरिटेंडंट साहेबांचा हुकूम, चपला बाहेर काढा, मशीनवरचं प्लॅस्टिक काढू नका, माझ्या सहीशिवाय चालू करू नका. साहेब कधी मीटिंगला, कधी हज़रतगंजला, कधी कानपूरला. कोणी मोठ्याचा फोन आला की प्लॅस्टिक निघायचं, नाहीतर नाही. मी तोंडावर बोललो, सर, मशीन शोभेला आणली का. ते म्हणाले, वसंत बाबू, नाजूक चीज है. म्हणलं, आजारी माणूसही नाजूकच असतो, सर. त्या दिवसापासून मी त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलो. पुढे मशीनची एक्स-रे ट्यूब गेली, दिल्लीचा इंजिनिअर आज येतो उद्या येतो करत आठ महिने घोडं पेंड खात राहिलं, मी पुन्हा अर्ज, पुन्हा भांडण, अन् एकदाची पावसाळ्यात मशीन सुरू झाली. या वेळी मी अडून बसलो अन् किल्ली माझ्याकडे घेतली. सही नंतर, पेशंट आधी. महिना-दीड महिना अशी चालली ना मशीन, रामसनेही फिल्म धुवून धुवून थकायचा, पण हसायचा. म्हणायचा, अब अस्पताल लग रहा है.

आता ऐका.

नवमी आली. इथे कारागीर लोक विश्वकर्मा पूजा करतात, ती सप्टेंबरातच होऊन गेली होती, पण माझी नवमी ती माझी नवमी. सरकारी सुट्टी होती, इमर्जन्सीची ड्यूटी माझी. माझ्या मनात आलं, इतकी वर्षं भांडून ही मशीन मिळवली, हिची पूजा बाबांसारखी झाली पाहिजे. सकाळी फूलमंडीतून झेंडू आणला, मशीन पुसली, पेशंट जिथून आत जातो त्या गोल तोंडाला हार घातला, हळद-कुंकवाचं बोट लावलं, बाहेर पायरीवर नारळ फोडला. अन् मेन स्विच बंद केला. एसीसकट. म्हणलं, आज आराम कर बाई.

अकराच्या सुमाराला रामसनेही आला. सुट्टीचा काहून आला म्हणलं, तर डोक्याला गमछा बांधलेला. त्यांच्या मोहल्ल्यात रामलीलेचा मंच उभारून राहिले होते, त्याची लाकडी बल्ली निसटली अन् कानाच्या वर लागली. थोडा वेळ डोळ्यांपुढे अंधारी आली होती म्हणे, मग ठीक. इमर्जन्सीतल्या डॉक्टरने चिठ्ठी दिली होती, डोक्याचा सीटी. चालत आला होता हो तो, माझ्याशी हसून बोलला, नारळाचा तुकडा खाल्ला, चहा प्यायला. म्हणाला, सिर थोड़ा भारी है, बस.

मी मशीनकडे पाहिलं. एसी लावून खोली थंड करायची, मग मशीन गरम करायची, दोन तास गेले असते. पण खरं सांगू का, दोन तासांचं काही नव्हतं. हार घातला होता, कुंकू लावलं होतं. मी म्हणलं, भैया, आज इसका आराम का दिन है, पूजा हो गई, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. अन् तो, तीस वर्षं त्या फिल्मा धुणारा माणूस, त्याने जीभ चावली अन् हात जोडले मशीनला. म्हणाला, अरे नहीं नहीं, पूजा के बाद कैसे चलेगी, कल हो जाएगा, वसंत बाबू. अन् गेला. मला काय वाटलं सांगू, मला वाटलं बघा, इथेही एक माणूस आहे ज्याला हे समजतं. बाबांची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी सातला त्याच्या पोरांनी त्याला टेम्पोत घालून आणलं, शुद्ध नव्हती, पहाटे उलट्या झाल्या होत्या. मी कुलूप उघडलं, हार तसाच होता, मी तो ओढून काढला अन् कोपऱ्यात टाकला, झेंडू खोलीभर पसरला. खोली थंड होऊन मशीन गरम व्हायला तेच दोन तास लागले, मग पडद्यावर फोटो आला. डाव्या बाजूला हाडाच्या आत हे एवढं रक्त. मोठे डॉक्टर धावत आले, ऑपरेशन केलं, जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतो, अन् वाचा गेली.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, चिठ्ठी कालची आहे, स्कॅन काल का नाही झाला. सुपरिटेंडंट साहेबांनी मला बोलावलं. वाटलं, आता हा माणूस सगळे हिशेब चुकते करेल, माझे एकोणीस अर्ज माझ्याच तोंडावर फेकेल. मला ते हवं होतं, खोटं नाही सांगत. त्यांनी कागद पुढे सरकवला, शांतपणे म्हणाले, लिख दीजिए बिजली नहीं थी, लखनऊ में कौन पूछता है. मी लिहिलं. सही केली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तो पाषाण मी. त्यानंतर मी एकही अर्ज लिहिला नाही. कोणत्या तोंडाने लिहू.

पाच-सहा वर्षं झाली. दवाखाना तसाच आहे, मशीन चार महिने चालते, दोन महिने बंद असते, शेजारी आता दुसरी नवी आली आहे, तीही खोक्यात आहे. नवमीची ड्यूटी मी मागून घेतो. सकाळपासून एसी लावतो, मशीन गरम करतो, पेशंट असो नसो. हार नाही, कुंकू नाही. सुधा म्हणते, घरात वर्षाचं एक तरी पाळा.

पण रामसनेही येतो. दर नवमीला पोरगा त्याला रिक्शाने आणून सोडतो, डाव्या हातात झेंडूचा हार असतो. त्याला वाटतं या मशीनने त्याचा जीव वाचवला. मी हार घेतो अन् दाराच्या कडीला लावतो, त्यावर तो चिडतो, आत बोट दाखवतो, मशीन काहून चालू ठेवली म्हणून. बोलता येत नाही ना. दोनच शब्द उरले आहेत त्याच्याकडे, भूक लागली तरी तेच, रडला तरी तेच. डॉक्टर म्हणतात, होतं असं, जे आयुष्यभर म्हटलं असतं ते कधीकधी उरतं.

मागच्या नवमीला मी त्याच्या पायाशी बसलो, तिथे बाकाजवळ, फरशीवर. सगळं सांगितलं. म्हणलं, भैया, त्या दिवशी लाईट होती. दोन तासांत झालं असतं. मीच केलं नाही, अन् कागदावर खोटं लिहिलं. माझं सगळं ऐकून घेतलं त्याने, डोळे माझ्यावरच होते, समजतं त्याला सगळं. मग डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, थोपटलं दोनदा, अन् म्हणाला, हो जाएगा.