तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं नाही

—नाही नाही, बसा हो, तुमचं विमान आता सकाळशिवाय उडत नाही. अंधार पडून धुकं उतरलं की या बेटावरची आमची धावपट्टी संपलीच समजा — दिवे नाहीत, भेगांतून गवत वर आलंय. काकवीचे डोनट घ्या. शाळेच्या मदतीसाठी विकतो, मतदानाच्या दिवशी हे टेबल माझंच असतं. फक्त हळू बोला — इथे मतदान केंद्रात तिसऱ्या प्रश्नाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, नियम आहे. ती हॅटी बघा मतपेटीजवळ, मतदान अधिकारी आहे, कान कसे टवकारलेत! — कुठला तिसरा प्रश्न? अहो, मतपत्रिकेवरचा, रोख्यांचा. आमच्या मेन राज्याने रोखे विकून पैसा उभा करायचा आणि आमच्यासारखे छोटे विमानतळ नीट करायचे. पण लोक हो म्हणाले तरच. मी काही सांगितलं नाही हं तुम्हाला.

बाहेर तो लाल टोपीवाला, दिव्याखाली पाटी घेऊन उभाय ना — तो आमचा ऑरिन. नवरा माझा. सकाळपासून तिथेच, कारण पाटी घेऊन यापेक्षा जवळ यायचं नाही. हृदय अर्धं कामातून गेलंय, पण ऐकेल तर शपथ! वर्षभर घरोघर फिरला — दिवे लागले, पट्टी लांबली की रात्री-अपरात्री दवाखान्याचं विमान उतरेल, मग बेट सोडायला नको. डॉक्टर म्हणाले ना, एक तर ती सोय करा, नाहीतर बँगोर शहरात, मोठ्या दवाखान्याजवळ राहायला या. आणि मला काय हवंय? कोण विचारतंय! बँगोरला लेक आहे, नाती आहेत, कोपऱ्यावर दुकान आहे. सगळा जन्म या खडकावर धुकं बघत काढला मी. म्हणून सकाळी गेले आणि 'नाही'वरच — जाऊ दे. काय म्हणाले मी? काही नाही. कॉफी गार होतेय तुमची.

असं काय बघता? राज्यभर मतं पडतायत, माझ्या एकटीच्या मताने काय होतंय! पण सकाळपासून माझं लक्ष त्या दारावरच आहे, खोटं कशाला बोलू. कारण ऑरिनने — हसू नका — ऑरिनने स्वतः मत दिलेलंच नाही! सगळ्या बेटाला आत पिटाळलं, म्हाताऱ्या मॉडला तर गाडीतून आणून सोडलं, आणि स्वतः विसरला. कुणाच्या ध्यानात नाही, फक्त माझ्या. रात्री आठला दार बंद. मी नुसतं गप्प बसायचं. जन्मात एकदा गप्प बसले तर काय बिघडलं?

चुळबुळतोय बघा. पाय दुखत असणार. हातमोजेही घरीच विसरलाय, मेला विसरभोळा. उद्या हरला तर म्हणेल, "लिओटा, आपण प्रयत्न तरी केला." 'आपण' म्हणेल हो तो! कसं ऐकू मी ते?

हॅटी दार लावायला उठली. — अहो, खात काय बसलात, पळा! लाल टोपीला म्हणावं, बायकोने आत बोलावलंय, मत द्यायला, आत्ताच्या आत्ता! त्याचं 'हो', माझं 'नाही' — होऊ दे फिट्टंफाट. आणि माझ्या मताचं त्याला काही सांगितलंत ना, तर बघा — पैसे नकोत डोनटचे. जा म्हणते ना!