म्या बोलणं सोडलं तवा

माझं माहेर परंड्याकडलं, शेतातलं. लगीन होऊन तुळजापूरला आले अन् सासूनं पयल्या दिशीच कवड्या अन् सुई हातात दिली, तवापसून माळा ओवते म्या, देवीला आलेली माणसं त्या गळ्यात घालत्यात. हात कामात अन् तोंड बी कामात, अशी म्या बडबडी. माझी गौरी बी तसलीच, तीन वर्साची व्हती, दारातनं जाणाऱ्याला थांबवून इचारायची, तू कुटला, काय जेवलास.

मग ती माळवदावरनं पडली. वर ज्वारी वाळत टाकली व्हती, म्या जरा पाठ फिरवली, बस, तेवढंच. डोक्याला मार लागला, सोलापूरला नेलं, ऑपरेशन झालं, पोर वाचली, उठली, चालाय बी लागली, पर बोलंना. काय सांगू तुमाला, पाण्याकडं बघायची, ओठ हलवायची, अन् शब्द घावला न्हाय की रडायची.

देवीपुढं माणूस आवडीचं सोडतं, कुणी गोड सोडतं, कुणी पायातली चप्पल. म्या म्हणलं, आई, माझी पोर बोलत न्हाय तवर म्या बी बोलनार न्हाय. चार म्हैने तोंडातनं शब्द काढला न्हाय. सासू तवा न्हवती राहिली, मालक दिवसभर दुकानात, घरात आमी दोघीच, ती बी मुकी, म्या बी मुकी. आयाबाया माझ्या पाया पडायच्या, अन् खरं सांगते, मला बरं वाटायचं.

मग बोलाय शिकवणाऱ्या मॅडमकडं नेलं. त्यांनी इचारलं, घरात हिच्यासंगं कोन बोलतं? मालक खाली बघत म्हणले, हिच्या आईचं मौन हाय. मॅडम रागावल्या न्हाईत, तेच मला लई लागलं. म्हणल्या, लहान लेकराचं डोकं पुन्ना शिकतं, पर ऐकल्याबिगर कसं शिकंल? तितंच म्या गौरी म्हणून हाक मारली. माझा आवाज असला फाटलेला, पोर दचकून मालकाला बिलगली.

आता दिवसभर बोलते. ही कवडी, ह्यो दोरा, हे पानी. नवस मोडला म्हणून देवी कोपली का, का नवस केला तितंच माझं चुकलं, कुनाला इचारू? मॅडम म्हणत्यात, तुमच्यामुळं झालं असं न्हाय. त्यांना तसं म्हणावंच लागतंय की. वर्स झालं, दोनच शब्द आलेत, बाबा अन् नको. आई न्हाय आलं अजून. म्या लई बोलाय लागले की माझ्या तोंडावर हात ठिवती ती.

तुमी आलाव, इतकं ऐकून घेतलंव, देवी तुमच्या लेकरांना बोलतं ठिवो. जाताना तिला नावानं हाक मारा. ओ देत न्हाय ती, पर मारा.