लेकीचं शेवाळ

रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्टची वाट बघत माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते.

“तीस वर्षं पोहण्याच्या तलावाच्या भिंतींवरचं शेवाळ खरवडून लेकीला शिकवलं. आता ती तेच कंपनीत काचेच्या नळ्यांत वाढवते आणि मला पावाला लावून खायला घालते!”

“तलावातलं नाही हो, वेगळं असतं ते. त्यातलं स्टेरॉल पोटात कोलेस्टेरॉलची वाट अडवतं.”

“म्हणजे तुझ्या भावासारखं. स्वतः काही करायचं नाही, नुसतं दारात ठाण मांडून बसायचं.”

“माझ्या भावाला मध्ये आणू नका. महिनाभर नेमाने खाल्लंत ना?”

“रोज. खाली बोटभर जाड लोणी, वर शेवाळ.”

“लोणी? ते कशाला?”

“मग लेकीचं स्टेरॉल अडवणार कुणाला?”

खिडकीतून रिपोर्ट आला. बाईंनी तो दोनदा वाचला.

“वाढलंय! आता तिला काय सांगू?”

“कमी झालं म्हणून सांग. तिच्या शेवाळाला नावं ठेवायची तर मी ठेवीन. हा कागद कोण लागून गेलाय?”