जुन्या झग्यांच्या दालनात

सासू : अगं, ही कंबर बघ! बाई होती का मुंगी?

सून : आत कॉर्सेट घालायच्या, आई. मागून नाड्या आवळायच्या. इथे पाटीवर लिहिलंय.

सासू : आणि श्वास? तो काय शेजारणीकडून उसना घ्यायच्या? ...हस की गं. एवढा विनोद केला मी.

सून : हसले ना.

सासू : ओठ हलवलेस नुसते. सकाळपासून बघतेय, शिंकसुद्धा दाबतेस. इकडे ये जरा.

सून : नका, हात नका लावू! आई गं...

सासू : बरगडी?

सून : बाथरूममध्ये घसरले.

सासू : घसरलेली बाई ढुंगणावर पडते. माझ्याकडे बघ. त्यानं मारलं?

सून : हळू बोला. फोन झाला की येतीलच ते.

सासू : कशानं?

सून : लाथेनं. खाली पडले होते तेव्हा. परवा तुम्ही मावशींकडे गेला होतात ना...

सासू : पहिल्यांदाच?

सून : पुढे चला ना आई, लोक बघतायत.

सासू : बघू देत. याचा बापही तसलाच. तोंडाला हात लावायचा नाही, कपड्याखाली झाकेल तिथंच हाणायचा. मी पडले की हा माझ्या अंगावर पालथा पडायचा. "आईला मारू नका" म्हणून ओरडायचा. एवढंसं पोर, त्याच्याही पाठीत लाथा बसायच्या. आणि तोच आता...

सून : गप्प बसा. आले.

मुलगा : किती वेळ त्या चिंध्या बघणार? चला. आणि तू गं, काय रडगाणं लावलंयस आईपाशी?

सून : काही नाही. कपड्यांबद्दलच...

मुलगा : खोटं बोलतेस? चल, घरी गेल्यावर बघतो तुझ्याकडे.

सासू : तिचा दंड सोड.

मुलगा : आई, तू यात पडू नकोस.

सासू : सोड म्हणते ना!

सून : अहो, पिरगळू नका, दुखतंय—

मुलगा : आवाज खाली!

(सासूच्या हातातल्या काठीचा फटका. झग्यांच्या कपाटाची काच फुटल्याचा आवाज.)

मुलगा : आई! डोकं फोडलंस... रक्त येतंय!

सासू : येऊ दे. टाक बघू अजून एक पाऊल तिच्याकडे.

मुलगा : मला मारलंस? मला?

सासू : तुझ्या बापावरही लाटणं उगारलं होतं एकदा. घाबरले. खाली ठेवलं.

मुलगा : वेड लागलंय तुला. दे ती काठी इकडे... आऽ! हात! हात मोडला माझा!

सून : आई, पुरे! मरतील ते!

सासू : मरत नाही. मनगटावर बसलाय.

गार्ड : बाजूला व्हा! काचांवर पाय देऊ नका! कोणी केलं हे?

मुलगा : म्हातारीचं डोकं फिरलंय. ही माझी बायको. आम्ही निघतोय.

सासू : ती येणार नाही.

गार्ड : आजी, त्यांना बोलू द्या. ताई, यांच्याबरोबर जायचंय?

सून : ...नाही.

मुलगा : काय म्हणालीस?

सून : नाही म्हणाले. यांनी माझी बरगडी मोडलीय. पोलिसांना बोलवा.

गार्ड : साहेब, तुम्ही तिकडे भिंतीपाशी उभे राहा. तिकडे, म्हटलं ना! आजी, ती काठी द्या माझ्याकडे.

सासू : घ्या. मीच मारलं. पोलिसांना तेही सांगा.

गार्ड : सांगतो. बसा, पाणी आणतो.

सासू : आधी हिला द्या. आणि तू गं, घोट घोट पी. ठसका लागला की फार दुखतं.