आईची दोन वर्षं

डोळ्यांच्या दवाखान्यात एका निवृत्त मास्तरांचा नंबर यायला अवकाश होता. शेजारच्या बाकावर एक मुलगी वडिलांना लॅपटॉप दाखवत होती आणि मास्तरांचे कान आपोआप तिकडे वळले होते.

"बाबा, ही एकच फाइल म्हणजे कपाट. प्रत्येक वर्षाचा एक कप्पा, कप्प्यात तुम्ही रोज टिपलेल्या हवेच्या तापमानाचा तक्ता."

"आणि ही चिठ्ठी?"

"ती तक्त्याला चिकटवायची. कोणी मोजलं, कशात मोजलं."

"हे दोन कप्पे रिकामे कसे गं?"

"तिथे रोजचा आकडा अर्धा अंश जास्त होता. चूक समजून काढले."

"अगं, मी अंथरुणाला खिळलो होतो. तेव्हा तुझी आई मोजायची."

"मग जास्त कसा?"

"तापमापी भिंतीवर माझ्या उंचीला ठोकलेली. ती खालून बघायची. खालून पारा वर चढलेला दिसतो."

"स्टूल नव्हतं?"

"होतं की. पण स्टूल घेतलं म्हणजे बुटकी ठरली ना!"

मुलगी हसली. मग तिने ते रिकामे कप्पे उघडले.

"आकडे परत घालते. चिठ्ठीत काय लिहू?"

"तिचं नाव. आणि उंची, चार फूट दहा."

"ती अकरा सांगायची, बाबा."

"मलाही तेच सांगायची. पण इथे दहाच लिही, म्हणजे त्या अर्ध्या अंशाचा हिशेब लागेल. नाहीतर पुढचे लोक तिलाच चूक म्हणतील."